धुक्याचे दिवे

"माणूस खोटं बोलेल, यंत्र खोटं बोलेल, वर्तमानपत्र तर बोलेलच, पण धुकं कधी खोटं बोलत नाही!"

असं जाहीर करून हवामानकाकांनी बाल्कनीच्या दिशेनं हात उंचावला. "हे बघ. समोरची इमारत गायब. पाण्याची टाकी गायब. चहा दुसऱ्यांदा झाला, तरी हटायचं नाव नाही!"

"ती चादर आहे," काकू म्हणाल्या आणि उठून त्यांनी दोरीवरची चादर बाजूला सरकवली.

समोरची इमारत आली. टाकी मात्र काकांच्या लेखी आली नाही.

"घे! चादर काढलीस, तरी टाकी कुठाय?"

टाकी जिथे असायची तिथेच होती. नुकताच निळा रंग दिलेली, उन्हात नव्या नवरीसारखी चमकत. काकूंनी टाकीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि तिसरा चहा टाकायला त्या आत गेल्या.

हवामानकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. टेकडीवरच्या वेधशाळेत त्यांची सगळी हयात गेली, तिथूनच ते प्रमुख म्हणून निवृत्त झाले, आणि घराबाहेर पडताना छत्री घ्यावी की नाही हे जिन्यातच विचारायला इमारतीला एक हक्काचा माणूस मिळाला. काका सांगत, लोक ऐकत, आणि काका चुकले तर निमूटपणे भिजत. हवेबद्दल बोलताना त्यांच्या आवाजाला असं काही वजन येई, की चूक पावसाचीच वाटे.

धुक्याच्या बाबतीत तर त्यांचा शब्द शेवटचा. वेधशाळेत धुकं मोजायची रीत सोपी होती. गच्चीवर उभं राहायचं आणि ठरलेल्या खुणा बघायच्या. जवळ पाण्याची टाकी, तिच्यामागे गिरणीची चिमणी, त्याहून लांब पुलाची कमान. जी खूण दिसत नाही तिच्या अलीकडे धुकं. बघायला दोन निरीक्षक असत, आणि त्यांचं जमलं नाही तर काय करायचं याचा नियम काकांनी स्वतः घालून दिला होता: ज्याला दिसतं त्याचं खरं. "न दिसायला शंभर कारणं असतात," ते नव्या पोरांना दरडावून सांगत. "झोप असते, आळस असतो, घरी भांडण झालेलं असतं. दिसायला कारण एकच, ती वस्तू तिथे असते!"

निवृत्तीनंतर काकांनी रीत घरी आणली. दुसरा निरीक्षक तेवढा आणायचा राहिला. बाल्कनीतून तिन्ही खुणा दिसत. म्हणजे दिसत असत. आधी पुलाची कमान गेली, मग चिमणी, आणि आता टाकीनंही मान टाकली होती. रीत तीच, खुणा त्याच, बघणाराही तोच. तेव्हा निष्कर्ष एकच निघत होता. शहरात कधी नव्हे इतकं धुकं पडत होतं. पहाटे पडत होतं, भर दुपारी पडत होतं, आणि हल्ली हल्ली तर न्हाणीघरातही पडायला लागलं होतं.

त्यांनी वेधशाळेत फोन लावला. आताचा प्रमुख त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"सर, आज हवा अगदी स्वच्छ आहे," तो म्हणाला.

"तू गच्चीवर जाऊन बघितलंस?"

"सर, आता उपकरण असतं ना. आकडा थेट पडद्यावर येतो."

"वाटलंच!" काकांनी फोन ठेवला आणि काकूंना म्हणाले, "डोळे असून उपयोग काय? मान वर करून बाहेर बघायला नको यांना!"

काकूंनी रिकामा कप उचलला. इमारतीतही कोणी त्यांना खरं सांगेना. तळमजल्यावरच्या शिंपीमामांना काकांनी विचारलं, "काय हो, दाट आहे ना आज?" तर मामा मानेवरचा घाम पुसत म्हणाले, "दाट म्हणजे? हाताला लागतंय!" एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? शिवाय धुक्याला हो म्हटल्यानं मामांच्या खिशातलं काही जात नव्हतं.

जाण्यासारखं होतं ते गाडीचं. काकांची गाडी जुनी, पण ती रोज धुतली जाई. काका चालवत आणि काकू शेजारी बसून अखंड बोलत. काकू पूर्वी अशा बोलक्या नव्हत्या, हे काकांच्या लक्षात आलं नव्हतं. आता त्या म्हणत, "किती ते गतिरोधक बाई या रस्त्यावर!" की पुढच्याच क्षणी गतिरोधक येई. त्या म्हणत, "हे कुत्रं किती गोड आहे नाही, अगदी मधोमध बसलंय," की काका ब्रेक दाबत आणि म्हणत, "तुला काय दिसेल त्याचं कौतुक!" सिग्नल आला की काकूंना लाल साडी आठवे, सुटला की हिरवी. गाडी अशी गप्पांवर चालली होती, आणि उत्तम चालली होती.

मग काकूंचा घसा बसला. दुसऱ्या दिवशी काकांनी फाटकाचा खांब ठोकला.

खांबाला फारसं काही झालं नाही. पण लेक आली. लेक दातांची डॉक्टर. माणसाला आधी तोंड उघडायला लावून मग प्रश्न विचारायची सवय, त्यामुळे उत्तराची वाट बघणं तिला ठाऊक नव्हतं.

"बाबा, एवढा मोठा खांब दिसला नाही? डोळे कधी दाखवलेत? माझी मैत्रीण आहे डोळ्यांची, उद्या येता का?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? धुकं होतं."

"दुपारी?"

"हवामान बदललंय. आणि ते तुमच्या पिढीनं बदललंय."

"आई, होतं धुकं?"

काकूंनी घशाकडे बोट दाखवून, बोलता येत नाही अशी खूण केली. घसा आदल्या दिवशीच सुटला होता.

"हे बघा बाबा," लेक म्हणाली, "मी स्पष्ट सांगते. रविवारी सकाळी मी मागच्या सीटवर बसणार. तुम्ही वेधशाळेपर्यंत चालवायचं. आई एक अक्षर बोलणार नाही. कुठेही न घासता पोचलात तर किल्ली तुमची, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर किल्ली माझ्याकडे. उपटून घेईन."

"आणि रविवारी धुकं असलं तर?"

"तरीही."

काका हसले, पण त्या रात्री ते किल्ली उशाशी घेऊन झोपले. दुसऱ्यांना ती नुसती किल्ली वाटे. काकांचं टेबल गेलं होतं, शिपाई गेला होता, दारावरची पाटी गेली होती. संध्याकाळच्या बातम्यांत आपला अंदाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं सुखही गेलं होतं. मनात आलं की उठावं, गाडी काढावी आणि टेकडीवर जाऊन शहराकडे वरून बघावं, एवढा एकच अधिकार उरला होता. किल्ली गेली तर त्यांना कोणीतरी नेणार, कोणीतरी आणणार. म्हणजे माणसाचं पार्सल होणार.

तेव्हा धुक्याचा बंदोबस्त करणं भाग होतं. सकाळी उठून काका काकूंना घेऊन दिवेवाल्याकडे गेले. दिवेवाल्याचं दुकान म्हणजे दोन गाड्या मावतील एवढी शेड, वायरींची जाळी आणि कोपऱ्यात एक स्टूल. स्टुलावर काकू बसल्या.

"बंपरमधले धुक्याचे दिवे आहेत ना, त्यांचे बल्ब बदलायचेत. आहेत त्याहून जोरदार हवेत."

"काका, पण आपल्याकडे धुकं कुठे पडतं?" दिवेवाला म्हणाला.

"तुम्ही दिवसभर गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून असता. तुम्हाला काय कळणार!"

"हां, तेही खरंच," दिवेवाला म्हणाला. गिऱ्हाइकाशी वाद घालून बल्ब विकला जात नाही, एवढं त्याला कळत होतं. त्यानं एक खोका काढला आणि त्यावरची धूळ शर्टाला पुसली. "हा घ्या. गाडीबरोबर जो येतो ना, तो याच्यापुढे मेणबत्ती. हा लावला की रस्ता सोडा, रस्त्याच्या मनात काय चाललंय तेसुद्धा दिसेल."

"रंग कोणता?"

"पांढरा. दुधासारखा."

"छे छे. धुक्याला पिवळा बरा. पांढरा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. मी वेधशाळेचा माणूस आहे."

"ते तुमच्या वेळचं धुकं, काका. आताचं धुकं वेगळं."

काकांनी पिवळ्याचा हट्ट सोडला. हवामान बदललंय असं महिनोन्महिने सगळ्यांना ते स्वतःच सांगत होते. हवा बदलली आणि धुकं तेवढं जुनंच राहिलं, असं आता कोणत्या तोंडानं म्हणणार?

दिवे बसले. दिवेवाल्यानं शेडचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि बटण दाबलं. समोरची भिंत अशी उजळली की तिच्यावरच्या पालीनं जागच्या जागी विचार बदलला.

"बोला काका, काय दिसतंय?"

"सगळं!" काका मोहरून म्हणाले. "ती पाटीसुद्धा वाचता येतेय. 'येथे थांबू नये'. मग आम्हाला कसं थांबवलंत हो?"

"तुम्ही घरचेच की, काका," दिवेवाला हसत म्हणाला.

काकूंनी पाटीकडे पाहिलं. पाटीवर लिहिलं होतं, 'येथे थुंकू नये'. त्यांनी पदर सारखा केला.

"तोंड जरा वर करून देऊ का दिव्यांचं? लांबवर पडेल."

धुक्याच्या दिव्यांनी मान खाली घालून चालायचं असतं, हे काकांना माहीत होतं. पण रविवार जवळ येत होता. "करा," ते म्हणाले. "पुष्कळ दिवस खाली बघून चाललेत बिचारे."

"आणखी एक. पुढचं भिंग प्लास्टिकचं आहे. हा बल्ब जरा तापतो."

"तापू द्या. उजेड पाडायचा म्हणजे कोणाला तरी तापावंच लागतं."

त्यानंतर रोज संध्याकाळी काका सरावाला निघू लागले, आणि त्यांना एक नवल जाणवलं. शहरात माणुसकी वाढली होती. समोरून येणारी प्रत्येक गाडी त्यांना बघून दिवे उघडझाप करी. पूर्वी कोणी ओळख दाखवत नसे. एक दुचाकीवाला तर थांबला आणि त्यानं चक्क कपाळाला हात लावला.

"बघितलंस?" काका म्हणाले. "सलाम केला."

"त्यानं डोळे झाकले," काकू म्हणाल्या.

"भारावून जातात काही माणसं."

एका वळणावर ट्रकवाला खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "अहो आजोबा, डिपर मारा की! आंधळं करता का?"

"काय म्हणाला तो?" काकांनी विचारलं.

"दिवे छान आहेत म्हणाला," काकू म्हणाल्या आणि लगेच, "हिरव्या रंगाची मला एक साडी घ्यायचीय हं," म्हणाल्या, कारण सिग्नल सुटला होता. खरं तर डिपर मारायची सोयच नव्हती. गाडीच्या मोठ्या दिव्यांना वर-खाली करता येतं. धुक्याच्या दिव्यांना पेटणं आणि विझणं, एवढं दोनच ठाऊक.

रविवार उजाडला. म्हणजे उजाडला असावा. काका खाली आले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "दाट आहे."

लेकीनं नेहमीप्रमाणे कपाळाला आठ्या घालायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. फाटकाचा खांब नव्हता. फाटकही नव्हतं. समोरची इमारत, झाडं, गल्ली, सगळं कुणीतरी खोडरबरानं पुसून टाकलं होतं. शिंपीमामा दुकानाच्या पायरीवर उभे राहून स्वतःच्याच हाताकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते धुक्याबद्दल खरं बोलले होते, पण काय बोलले ते दाटपणामुळे ऐकू आलं नाही.

"आई," लेक कुजबुजली, "हे खरंच आहे ना गं?"

"या वेळी खरंच आहे."

"बाबा, राहू दे आज. पुढच्या रविवारी जाऊ."

"धुकं असलं तर काय, असं मी विचारलं होतं," काका दरवाजा उघडत म्हणाले. "तरीही, असं कोण म्हणालं होतं?"

लेक मागे बसली. काकू पुढे बसल्या आणि तोंडावर पदर धरला. बोलायचं नव्हतं, आणि बोलणार तरी कशावर? काकांनी धुक्याच्या दिव्यांचं बटण दाबलं.

काचेसमोर कोणीतरी दुधाचं पातेलं उपडं केल्यासारखं झालं. उजेड गेला, धुक्यावर आपटला आणि तिघांच्या डोळ्यांत परत आला.

"बाबा! थांबा! अहो, काहीच दिसत नाहीये!"

"असंच असतं."

"असंच म्हणजे?"

"रोज असंच असतं. आज हवेत जरा ओल आहे, एवढंच." काकांनी शांतपणे गिअर टाकला. "तुम्हाला सवय नाही."

लेकीनं पुढे वाकून आईच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंनी मागे न बघता तो हात धरून ठेवला.

"हे दिवे काही कामाचे नाहीत," काका म्हणाले आणि त्यांनी ते विझवले. साधे दिवे लावले, काच खाली केली आणि गाडी माणसाच्या चालीनं सोडली. हा रस्ता त्यांनी डोळ्यांनी कधी शिकलाच नव्हता. पाव भाजल्याचा वास आला की डावीकडे. पुलाच्या जोडांवर चाकं ठक ठक वाजली की पूल लागला, ठक थांबलं की संपला. पुढे गाडी कुरकुरायला लागली की चढ, आणि दुसऱ्या गिअरमध्येही कुरकुरली की वेधशाळेचं वळण. वळणावर त्यांनी लांबलचक हॉर्न दिला, जसा ते पूर्वी रोज द्यायचे. बाजूला दोन-तीन गाड्या रस्त्याकडेला उभ्या होत्या, आत तरुण माणसं घाबरून बसली होती. हवामानकाकांची गाडी त्यांच्या शेजारून, कोणालाही न शिवता, वाफेसारखी निघून गेली.

वेधशाळेच्या कठड्याशी गाडी थांबली तेव्हा तिच्यावर एकही नवा ओरखडा नव्हता.

"जिंकलात, बाबा," लेक म्हणाली. "किल्ली तुमची."

"ते होणारच होतं," काका म्हणाले.

थर्मासमधला चहा घेऊन तिघं कठड्यावर बसली. ऊन वर आलं, खालची सगळी कापसाची गादी विरत गेली, आणि शहर हळूहळू जागेवर आलं. काका कप हातात धरून त्या दिशेला बघत राहिले. मग म्हणाले, "टाकी दिसली की सांग हं. त्याशिवाय निघायचं नाही. धुक्यात उतार वाईट."

"टाकी? ती केव्हाची दिसतेय, बाबा."

"चिमणी?"

"चिमणी पण."

काका हसले. "आता कमान म्हणू नकोस."

"कमान पण. तिच्यावरून एक सायकलवाला चाललाय."

काकांनी काकूंकडे मान वळवली. "तुला गं?"

काकूंनी तोंड उघडलं. कित्येक महिने त्यांनी या माणसाच्या शेजारी बसून खरं ते कधी साडीत, कधी कुत्र्यात गुंडाळून दिलं होतं. आताही सहज गुंडाळता आलं असतं. त्यांनी पुलाकडे पाहिलं.

"सायकलमागून एक कुत्रं पळतंय," त्या हळूच म्हणाल्या. "गोड आहे."

काकांनी कप कठड्यावर ठेवला. चहा निवला. वर वेधशाळेचं वाऱ्याचं चक्र फिरत होतं, त्याचा आवाज ते ऐकत होते.

"दोन निरीक्षक," शेवटी ते स्वतःशीच म्हणाले. "आणि दोघींना दिसतंय."

नियम त्यांचाच होता. इथल्याच गच्चीवर त्यांनी तो पोरांच्या डोक्यात ठोकून बसवला होता, आणि ज्याला दिसत नाही त्याला खाली पाठवलं होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, रुमालानं पुसली आणि लेकीच्या तळहातावर ठेवली.

"बाबा, अहो तुम्ही जिंकलात!"

"चालवण्यात जिंकलो. बघण्यात हरलो. राहू दे तुझ्याकडे, धुकं हटेपर्यंत."

उतारावर लेक चालवत होती. "किती ती वळणं बाई या रस्त्याला!" काकू सवयीनं म्हणाल्या.

"आई, मला दिसतंय."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि कित्येक महिन्यांनी त्या गाडीत निवांत झोपल्या.

लेक दुसऱ्याच दिवशी काकांना घेऊन दिवेवाल्याकडे गेली आणि जुने बल्ब परत लावायला सांगितले. दिवेवाल्यानं खाली वाकून बघितलं आणि जीभ चावली. "काका, उष्णतेनं भिंग गढूळ झालंय. आता बल्ब कुठलाही लावा, उपयोग नाही. भिंगच बदलावं लागेल."

तिथून दोघं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी काकांची हनुवटी एका यंत्रावर टेकवली आणि पुढ्यात बसल्या.

"दिवा लावलात की सांगा," काका म्हणाले.

"लावलाय, काका. उजव्या डोळ्यात केव्हाचा लावलाय." त्यांनी बराच वेळ बघितलं. "मोतीबिंदू चांगलाच वाढलाय. आतलं भिंग गढूळ झालंय. ते बदलावं लागेल."

काकांनी हनुवटी उचलली आणि संशयानं विचारलं, "तुमची आणि त्या दिवेवाल्याची ओळख आहे का हो?"

"कोण दिवेवाला?"

"काही नाही. चालू द्या."

"डावा त्या मानानं बरा असावा. बघू या. जरा प्रखर वाटेल हं."

प्रखर हा शब्द ऐकताच काकांची पाठ ताठ झाली. आवाजाला ते जुनं वजन आलं. दाराशी उभी असलेली लेकही नकळत सावध झाली.

"डॉक्टर," काका म्हणाले, "मी सगळी हयात आभाळाच्या डोळ्याला डोळा भिडवून काढलीय. वीज पाहिलीय, वादळ पाहिलंय, दुपारचा सूर्य पाहिलाय. या डोळ्यांची पापणी कधी लवली नाही. तुमच्या टेबलावरच्या दिव्याची यांना काय मातब्बरी! लावा खुशाल."

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावला.

काकांनी कपाळाला हात लावला.

"अहो बाई," ते म्हणाले, "जरा डिपर मारता का?"